माझ्या मुलाला सांबार आणायला एकट्यानं जाऊ द्या

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. ३५ सेकंदांचा. एक मुलगा रस्त्यावर पडलाय, त्याच्या कुबड्या दोन बाजूंना पडल्यात आणि त्याच्यापासून २५ पावलांवर एक बाई हाताची घडी घालून नुसती उभी आहे. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'अशीही आई असते'. त्याच्याखाली रडके चेहरे, रागाचे चेहरे, रात्रीपर्यंत मेसेज येतच होते. तो मुलगा माझा आहे आणि ती बाई मी. ग्रुपवर मी काही बोलले नाही कारण ही एका मेसेजमध्ये मावणारी गोष्ट नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री हात पण चालत नव्हता. म्हणून पेपरला लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा १३ वर्षांचा आहे. तिसाव्या आठवड्यातच झाला, काचेच्या पेटीत २६ दिवस होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, डॉक्टर लोक सीपी म्हणतात. म्हणजे मेंदूचा जो भाग हालचाल सांभाळतो त्याला जन्माच्या आसपास इजा झाली, ती इजा वाढत नाही पण जात पण नाही, त्यामुळे 'बरा कधी होणार' असं कोणी विचारलं की माझ्याकडे उत्तर नसतं. त्याच्या पायांचे स्नायू कायम आवळलेले असतात, गुडघे आत वळतात, टाचा नीट टेकत नाहीत, हात बरे आहेत, बोलणं हळू आहे, त्याचं एक वाक्य होईपर्यंत आपली तीन होतात. डोकं शाबूत आहे, वर्गात गणितात पुढे असतो, आणि नसता तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

तो रोज पडतो. हे आधी समजून घ्या. लोकांना वाटतं पडणं म्हणजे अपघात, आमच्या घरी ते जेवणासारखं आहे, दिवसातून दोनदा होतंच. फिजिओच्या ताईंनी त्याला चालणं पक्कं व्हायच्या आधी पडणं शिकवलं, गादी टाकून, कितीतरी महिने. कुबडी बाजूला फेकायची म्हणजे ती अंगाखाली येत नाही, हनुवटी छातीला लावायची, सगळा भार मनगटावर घ्यायचा नाही, कुशीवर वळायचं. आणि मग उठणं. आधी पोटावर यायचं, मग गुडघ्यांवर, एक कुबडी ओढून घ्यायची, ती रोवायची, तिच्यावर जोर देऊन एक पाय पुढे, मग दुसरी कुबडी. सुरुवातीला सात-आठ मिनिटं लागायची अन् घामानं शर्ट ओला व्हायचा. आता घरात दोन मिनिटं, रस्त्यावर चार. व्हिडिओ ३५ सेकंदांचा होता.

तर रविवारी झालं असं की सकाळी पोहे करायला घेतले अन् घरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, नव्हता. मी म्हटलं जातोस का, तो म्हणाला जातो. चौकातला भाजीचा ठेला माझ्या चालीनं तीन मिनिटांवर आहे, त्याच्या चालीनं बारा. हाच रस्ता आम्ही दोन महिन्यांपासून करतोय, आधी मी बाजूला, मग दहा पावलं मागे, मग पंचवीस. गळ्यात छोटी पिशवी, पिशवीत २० रुपये. ठेल्यावरच्या मावशींना मी आधीच सांगून ठेवलंय की त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा, मध्येच 'मिरची पाहिजे का, लिंबू पाहिजे का' असं म्हणू नका, आणि त्या माऊली थांबतात, मागे गिऱ्हाईक कुरकुरत असलं तरी थांबतात. त्यानं सांबार घेतला, सुटे पैसे मोजून घेतले, मावशींनी वरून चार मिरच्या टाकल्या. वापस येताना आमच्या वळणावर एक चेंबर आहे. सिमेंट रोड झाला तेव्हापासून रस्ता वर आणि झाकण चार बोटं खाली अशी स्थिती आहे (आणि घरं त्याहून खाली, पण तो वेगळा विषय). त्या काठावर कुबडीचं रबर सरकलं अन् तो गेला.

मी पाहत होते. कुबडी फेकली, हनुवटी आत घेतली, कुशीवर वळला. शिकवलं तसं बरोब्बर पडला. कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. आमचं ठरलेलं आहे की पडल्यावर त्यानं हात वर केला तर मी धावत जायचं आणि नाही केला तर जागचं हलायचं नाही. हा नियम त्यानंच ठरवलाय, मी नाही. त्यानं हात वर केला नाही. तो पोटावर आला, गुडघ्यावर आला, एक कुबडी ओढून घेतली. आणि माझी काय अवस्था होती ते त्या व्हिडिओत दिसत नाही, हाताची घडी मी घातली होती कारण नाहीतर ते हात आपोआप पुढे गेले असते.

तेवढ्यात एक भाऊ गाडीवरून आले, गाडी तिथेच सोडली, "अवो बाई, काहून उभ्या आहात, दिसून नाही राहिलं का पोरगं पडलं तर!" असं मला म्हणत त्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि सरळ आमच्या गेटपर्यंत आणलं. कुबड्या रस्त्यावरच. सांबार एका आटोच्या चाकाखाली गेला. त्याला असं अचानक उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळतात आणि ते दुखतं, पडण्यापेक्षा जास्त दुखतं. खाली ठेवलं तेव्हा तो रडत होता. भाऊ म्हणाले, बघा किती लागलं त्याले. तो काय म्हणत होता ते त्यांना समजलं नाही, थांबून ऐकायची सवय नसते लोकांना. तो म्हणत होता, "मी... उठत... होतो."

त्या भाऊंवर माझा राग नाही. पडलेल्या मुलाला बघून गाडी न थांबवणारे पण असतात, ते थांबले. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, मला त्यांना आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना आणि सगळ्यांनाच सांगायचंय की हा जो धोका मी माझ्या मुलाला घेऊ देते तो मी विचार करून घेऊ देते आणि तो त्याच्या हक्काचा आहे.

कारण आम्ही आधी असे नव्हतो. आठ वर्षांचा होईपर्यंत मी त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडू दिलं नव्हतं. मनात काही वाईट नव्हतं हो, तो बाटली हातात घ्यायचा, झाकण फिरवायला वेळ लागायचा, पाणी सांडायचं, शाळेची व्हॅन दारात हॉर्न वाजवायची, मी म्हणायची आण इकडे. कपडे मी घालायची, भात मी कालवायची, कोणी त्याला नाव विचारलं तर नाव मी सांगायची. एकदा फिजिओच्या ताईंनी त्याला विचारलं, आज आधी काय करू या, बॉल की पायऱ्या? तर त्यानं माझ्याकडे पाहिलं. बॉल की पायऱ्या एवढंच होतं, पण त्याला ते माझ्या तोंडून पाहिजे होतं. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त मला म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही बाहेरच्या बाकावर बसत जा. मला खूप राग आला होता. घरी येऊन ह्यांच्याजवळ रडले पण. दोन आठवडे बाकावर बसले, तिसऱ्या आठवड्यात आतून आवाज आला, "पा-य-ऱ्या".

झाकणाचं सांगायचं तर त्याला ते उघडायला ११ दिवस लागले. अकराव्या दिवशी उघडलं अन् अर्धी बाटली अंगावर सांडली. त्यानं ती ओली चड्डी संध्याकाळपर्यंत बदलू दिली नाही, बाबांना दाखवायची होती.

आता पायऱ्यांचं ऐका. २०२३ साली महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही माझ्या माहेरी गेलो होतो, अंबाझरी लेआउटकडे. ती २२ सप्टेंबरची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. रात्री थांबलो, पहाटे जाग आली तर खोलीत पाणी. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला होता अन् लाईट गेलेले, बाहेर अंधारात नुसता पाण्याचा आवाज. हे गावाला होते. घरात मी, माझा भाऊ, माझी आई जिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि हा, तेव्हा ११ वर्षांचा. आई महालक्ष्म्यांचे मुखवटे घेतल्याशिवाय हलायला तयार नाही. भावानं आईला धरलं, माझ्या एका हातात मुखवटे अन् दुसऱ्या हातात टॉर्च, आणि मी त्याच्याकडे पाहिलं तर तो जिन्याकडे सरकलेला, पाठ पायऱ्यांकडे करून, बसून, एक एक पायरी वर.

ही बसून उलटं चढायची रीत आम्ही त्याच उन्हाळ्यात शिकलो होतो. हात मागच्या पायरीवर टेकवायचे, अंग उचलायचं, बसायचं, पाय ओढून घ्यायचे. त्यावरून आमच्या आईनं मला काय काय ऐकवलं होतं! "लेकराले पायऱ्या पुसाले लावते का? उचलून घे ना, तुझं काय जाते?" शेजारच्या काकूंनी पण ऐकवलं होतं. आणि त्या रात्री कोणाचाच हात मोकळा नव्हता. १७ पायऱ्या आहेत त्या जिन्याला. तो वर जाता जाता मोजत होता, मोठ्यानं, तुटक तुटक, मला खालून त्याचा आवाज येत होता म्हणजे तो कुठपर्यंत पोचला ते कळत होतं. सतरा म्हणाला तेव्हा माझ्या पोटरीपर्यंत पाणी होतं.

आई त्यावर कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर तो जिना चढायला लागला की ती मला हाक मारत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच की घरात ठेवलं म्हणजे सुरक्षित ठेवलं हे आपण समजतो पण घर काही कायम जागेवर राहत नाही. पाणी येतं, आग लागते, लिफ्ट बंद पडते, आई आजारी पडते. ज्या मुलाला कधी काही करूच दिलं नाही ते मूल त्या वेळी काय करेल? पालकांच्या मीटिंगला गेलं की शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येते, 'आमच्यानंतर काय'. साठीतले बाप पस्तिशीतल्या मुलाचा हात धरून येतात आणि हाच प्रश्न विचारतात. त्याला उत्तर म्हणून आम्हाला पॉलिसी सांगितली जाते, ट्रस्ट सांगितला जातो, आणि १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा सांगितला जातो, ज्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना अठरा पूर्ण झाल्यावर लोकल लेव्हल कमिटीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. चांगली सोय आहे, ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर करावी. पण पालक म्हणून नेमलेला माणूस सही करेल, बँकेत जाईल, तो सकाळचा चहा करून देणार आहे का रोज?

म्हणून चहा शिकवला. मागच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. ओट्याला पोट टेकवून उभा राहतो म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, गॅस लायटरनं पेटवतो, पातेलं पकडीनं न उचलता पळीनं चहा कपात घेतो. ही पळीची युक्ती त्याचीच. एकदा वाफेनं बोट भाजलं, फोड आला, नळाखाली धरलं, मलम लावलं. त्या फोडावरून सासरच्या एका लग्नात मला चार जणींनी घेरून विचारलं की तुला काळजी वाटत नाही का. माझी मोठी मुलगी पोळ्या शिकताना तिच्या हाताला याहून मोठा चटका बसला होता, तेव्हा सगळ्या म्हणाल्या होत्या, होतं असं, शिकते आहे. त्याच बायका.

शाळेचं पण लिहिते. नाव लिहीत नाही, शाळा वाईट नाही, बाई जीव लावतात. पण सहावीत वर्गाची सहल रामटेकला निघाली आणि आम्हाला आदल्या दिवशी फोन आला की मॅडम, तुमच्या मुलाची रिस्क आम्ही नाही घेऊ शकत, काही झालं तर कोणाच्या अंगावर येईल. मी म्हटलं सगळ्या पालकांनी जी सही केली तीच मी करते, सोबत पाहिजे तर मी येते. म्हणाले, एक आई आली तर सगळ्या आया येतील. त्याची पिशवी भरून झाली होती. आता मला कोर्टकचेरी करायची नव्हती आणि केली पण नाही, पण इतर पालकांना माहिती असावं म्हणून सांगते की २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. त्याच्या १६ व्या कलमात स्पष्ट आहे की सरकारी किंवा सरकारमान्य शाळेनं अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि खेळ, करमणूक यांची संधीही इतर मुलांच्या बरोबरीनं द्यायची. आणि तिसऱ्या कलमात आहे की केवळ दिव्यांग आहे म्हणून कोणाचं स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. हे वाचून दाखवलं तर पुढच्या वर्षी नेलं त्याला, गोरेवाड्याला. दोनदा पडला, एकदा चिखलात. त्या चिखलाचं त्याला आजही केवढं कौतुक आहे.

फिजिओच्या ताईंनी मला एक गोष्ट सांगितली होती, ती इथे सांगते कारण मला तिचा खूप आधार वाटला. अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के नावाचे गृहस्थ होते, त्यांनी १९७२ साली एक लेख लिहिला, ज्यांना तेव्हा मतिमंद म्हणायचे त्या लोकांविषयी. त्यात त्यांनी 'डिग्निटी ऑफ रिस्क' असा शब्द वापरला, म्हणजे धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो, आणि माणसाला सगळ्याच धोक्यांपासून वाचवत बसलं तर तो मानच आपण हिरावून घेतो. १९७२ म्हणजे माझा जन्म पण नव्हता झाला. पन्नास वर्षं उलटून गेली या गोष्टीला आणि आमच्या लेआउटमध्ये अजून पोचायची आहे.

काही लोक म्हणतील की हे सगळं ठीक आहे पण हयगय कशाला म्हणायचं मग? बरोबर प्रश्न आहे. मी त्याला अंबाझरीच्या काठावर एकटं सोडत नाही. संध्याकाळी रिंग रोड ओलांडू देत नाही, तिथे मी स्वतः धड ओलांडू शकत नाही. सीपीच्या काही मुलांना फिट्स येतात, त्यांना पाण्यात, गॅसजवळ, उंचावर एकटं सोडायचं नसतं, त्यांच्या आईबापांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. ज्याला ऐकू येत नाही त्याला हॉर्न कळणार नाही, त्याला रस्ता वेगळ्या रीतीनं शिकवावा लागेल. प्रत्येक मुलाचं माप वेगळं. आमच्या घरी आम्ही एवढं बघतो की लागलं तर किती लागेल, भरून येण्यासारखं असेल का, आणि त्याला त्याची कल्पना आहे का. खरचटणं, फोड, हरवणं, फसवलं जाणं, लोकांचं हसणं, हे सगळं भरून येतं. गाडीखाली येणं भरून येत नाही, म्हणून त्याचा सराव शंभरदा.

हरवण्यावरून आठवलं. मेट्रो. छत्रपती चौक ते सीताबर्डी, मध्ये अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर. मेट्रोत आम्ही मुद्दाम सुरू केलं कारण लिफ्ट आहे, डब्यात चढताना पायरी नाही, स्टेशनचं नाव बोलून सांगतात. तीन डबे असतात, आधी हे त्याच्यासोबत बसायचे, मग पलीकडच्या डब्यात, मग एक दिवस हे आधीच्या मेट्रोनं जाऊन बर्डीला उभे राहिले आणि मी त्याला इकडून एकटं बसवलं. महाकार्ड त्याच्या गळ्यातल्या पिशवीत. त्याची मेट्रो आली, दारं उघडली, तो उतरला नाही. गर्दीत दारापर्यंत पोचायच्या आत दारं लागली. ह्यांचा मला फोन आला तेव्हा मी घरी ओट्याशी उभी होते, माझे पाय गेले. १४ मिनिटं. १४ मिनिटांनी तो दुसऱ्या बाजूच्या मेट्रोनं वापस बर्डीला उतरला. झिरो माइलला उतरून, तिथल्या गार्ड दादांना विचारून, लिफ्टनं पलीकडे जाऊन आला होता. ह्यांना पाहिल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाला माहितीय? "दा-रा-जवळ... उभं... राहायला... पाहिजे होतं." आता तो आधीच्या स्टेशनलाच उठून दाराजवळ जातो. हे मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं, तेव्हा डोक्यात नव्हतं गेलं.

त्याच्या मोबाईलचं लोकेशन आमच्याकडे दिसतं. ते बंद करायचं का यावर घरात सध्या वाद सुरू आहे. तो म्हणतो करा, हे म्हणतात करू, मी अजून तयार नाही.

मुलींचं काय, हे मला माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं, तिची मुलगी १६ वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम आहे. तुझा मुलगा आहे म्हणून तू बोलू शकते, ती म्हणाली. खरं आहे. मुलीच्या आईची भीती माझ्या भीतीपेक्षा मोठी आहे आणि मी तिला 'पाठव बिनधास्त' असं म्हणणार नाही. पण तिनं स्वतःच मला नंतर सांगितलं की असं काही करणारे बहुतेक ओळखीतलेच असतात, घरातले, शेजारचे, म्हणून दार लावून ठेवून तरी काय होणार. तिनं मुलीला जोरात 'नाही' म्हणायला शिकवलंय, अंगाला हात लावला तर ओरडायला शिकवलंय, कोणालाही, डॉक्टरलासुद्धा 'आधी विचारा' म्हणायला शिकवलंय. मी पाहिलंय ती कशी म्हणते ते. आजीनं न विचारता वेणी घालायला घेतली तरी म्हणते, आधी विचार. आजीला राग येतो. येऊ दे.

पेपरकडे एक मागणी आहे, रागावू नका. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो, तेव्हा सगळ्याच पेपरांत आमच्या मुलांचे दोन प्रकारचे फोटो येतात, एक तर फळं-ब्लँकेट वाटतानाचे आणि दुसरे पदक घेतलेल्यांचे. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांचं मला मनापासून कौतुक आहे, डोळ्यांनी दिसत नसताना २०१७ ला मेक्सिकोत जागतिक पॅरा स्विमिंगमध्ये सुवर्ण जिंकणं ही केवढी गोष्ट. पण मी तो फोटो पाहते तेव्हा मला वाटतं, यांना कोणीतरी पहिल्यांदा पाण्यात उतरू दिलं असेल, तो दिवस कसा असेल, काठावर कोण उभं असेल, त्याच्या छातीत किती धडधडलं असेल. त्या दिवसाबद्दल कोणी विचारत नाही. माझा मुलगा पदक आणणार नाही. त्यानं सांबार आणावा एवढंच मला पाहिजे, आणि त्याबद्दल पण कधीतरी चार ओळी छापून याव्यात.

आणि लेआउटच्या लोकांना, जे हे वाचतील. तो पडलेला दिसला तर थांबा, नक्की थांबा, गाड्यांना हात दाखवा, पण उचलू नका. त्याच्याजवळ जाऊन, खाली वाकून विचारा, 'मदत पाहिजे का?' आणि उत्तराची वाट बघा, उत्तराला वेळ लागतो. तो हो म्हणाला तर विचारा काय करू, तो सांगेल. बहुतेक वेळा कुबडी पायाजवळ सरकवून द्या एवढंच सांगतो. व्हिडिओ काढायचाच असेल तर चार मिनिटांचा काढा, उठेपर्यंतचा. वळणावरच्या चेंबरचं झाकण रस्त्याच्या बरोबरीत आणायसाठी मी दोनदा तक्रार केली आहे, तिसऱ्यांदा करणार आहे, त्या अर्जावर तुमच्याही सह्या पाहिजेत, मी घरोघरी येईन.

माझ्याआधी तोच येईल कदाचित. पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे, पोरांनी लाकडाचा नंदी घेऊन घरोघरी फिरायचा सण. आतापर्यंत दरवर्षी ह्यांच्या कडेवर नाहीतर व्हीलचेअरवर बसून तो बोजारा, म्हणजे पोरांना त्या दिवशी देतात ते पैसे, मागायला आला आणि तुम्ही सगळ्यांनी प्रेमानं त्याच्या नंदीच्या गळ्यात नोट अडकवली. तेरा वर्षांचा झाला, बरोबरीच्या पोरांनी सोडलं ते, पण यावर्षी त्याला एकट्यानं यायचंय, एकदा तरी. दोन्ही हातांत कुबड्या म्हणून नंदीची दोरी कमरेला बांधणार आहे, तीन दिवसांपासून अंगणात सराव सुरू आहे, वळताना नंदी उलटतो, मग हा थांबतो, कुबडीच्या टोकानं त्याला सरळ करतो अन् पुढे जातो. तुमच्या दारापर्यंत पोचायला त्याला वेळ लागेल. ज्यांच्या घरी पायऱ्या आहेत ते नंदी खाली ठेवून, बसून उलटं चढताना त्याला बघतील. कृपा करून बोजारा घेऊन खाली गेटपर्यंत येऊ नका. दार उघडं ठेवा अन् वरच थांबा.

आपली,
एक आई,
नरेंद्र नगर परिसर, नागपूर